बागेत जपानी पद्धतीचा लाकडी मंडप: गोव्याच्या पावसात टिकेल असा कसा बांधावा?

पोफळबाग

फोंडा तालुक्यात आमच्या घरामागे लहानसे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे. त्याच्या वरच्या अंगाला, जेथून पोफळी आणि त्यांवर चढलेले मिरीचे वेल एका नजरेत येतात, तेथे बसण्यासाठी चार खांबांचा, भिंती नसलेला, छप्पर असलेला लाकडी मंडप बांधावा असे आम्ही घरच्यांनी ठरवले आहे. जपानी बागांत अशा मंडपाला आझुमाया म्हणतात: चार खांब, चहूबाजूंनी उतरणारे छप्पर, आत बाक, आणि बागेकडे पाहत बसायचे एवढेच काम. त्याचे रूप आम्हांला आवडले, परंतु खरे कारण पावसाचे आहे. जून ते सप्टेंबर या काळात कुळागर जितके देखणे असते तितके ते वर्षभरात कधीच नसते, आणि नेमके त्याच काळात तेथे घटकाभरही बसता येत नाही.

खांबांमधले अंतर दोन्ही बाजूंनी नऊ फूट, म्हणजे साधारण २.७ मीटर, आणि खांबांच्या बाहेर अडीच फूट वळचण, एवढा आराखडा मी कागदावर काढला आहे. दोन ठेकेदारांना विचारले. एकाने लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारून त्याला लाकडासारखा रंग देण्याचे सुचवले. दुसऱ्याने सागवानी खांब काँक्रीटमध्ये दोन फूट गाडून वर पारदर्शक पत्रा घालावा असे सांगितले. दोन्ही गोष्टी मनाला पटल्या नाहीत, पण का पटल्या नाहीत हे मला नीट मांडता येत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात लाकूड उघड्यावर उभे करायचे असेल तर जपानी सुतारांकडून काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, लाकूड कोणते वापरावे, छप्पर कशाचे असावे, आणि आपल्याकडचे मेस्त, म्हणजे सुतार, त्यांच्यासारखे लाकडी सांधे करू शकतील का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रंधापटाशी

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर खांबाच्या पायाशी आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशीला ओल व हवा दोन्ही लागतात. म्हणूनच कायम पाण्याखाली असलेला ओंडका टिकतो, कायम कोरडा राहिलेला वासाही टिकतो, आणि कुजतो तो जमिनीच्या पातळीवरचा वीतभर भाग, जेथे ओल आणि हवा एकत्र येतात. काँक्रीटमध्ये गाडलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, त्याच्याभोवती बारीक फट पडते, पहिल्या पावसात त्या फटीत पाणी उतरते आणि पुढे चार महिने तेथेच राहते. बाहेरून खांब ठणठणीत दिसतो, आत मात्र तो जमिनीच्या रेषेवर पोखरला जात असतो. ठेकेदाराची सूचना आपल्याला पटली नाही ते योग्यच झाले.

खांब थेट जमिनीत रोवण्याची रीत जपानमध्येही जुनी आहे. इसे येथील देवस्थानाचे खांब आजही तसेच रोवले जातात. परंतु ते मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधण्याचा प्रघात आहे आणि त्याची अलीकडची पुनर्बांधणी २०१३ मध्ये झाली. ज्यांना वास्तू दीर्घकाळ उभी ठेवायची होती त्यांनी खांब दगडावर उभा केला. या पद्धतीला इशिबादाते म्हणतात. दगड जमिनीच्या वर राहतो, खांब त्यावर नुसता टेकतो, आणि खांबाचे बूड दगडाच्या उंचसखल पृष्ठभागाशी तंतोतंत जुळावे म्हणून सुतार दगडाची रेघ खांबावर उतरवून घेऊन तेवढेच लाकूड कोरून काढतो. असा खांब भिजला तरी चहूकडून वारा लागून लवकर सुकतो. पुढे कधी बूड खराब झालेच तर तेवढा भाग कापून, तिरकस खाचांचा जोड देऊन नवे लाकूड बसवतात. या दुरुस्तीला नेत्सुगी म्हणतात. संपूर्ण खांब बदलावा लागत नाही. माझ्या मते जपानी सुतारकामाकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे: कोणता भाग आधी खराब होणार हे बांधतानाच गृहीत धरायचे आणि तो भाग बदलता येईल अशी रचना करायची.

आता खांब नुसते दगडावर उभे असतील तर मंडप डगमगणार नाही का, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर नुकी. नुकी म्हणजे खांबातून आरपार जाणारी आडवी पट्टी. ती खांबाला पाडलेल्या भोकातून ओवतात आणि वरून लाकडी पाचर ठोकून घट्ट करतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस नारा येथील तोदाइजी या मंदिराची पुनर्बांधणी झाली तेव्हा ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि तेथील दक्षिणेकडचे महाद्वार, जे ११९९ मध्ये पुन्हा उभारले, ते अशाच पट्ट्यांनी बांधलेले आजही उभे आहे. आपल्या मंडपासाठी खांब दीडशे मिलिमीटर चौरस आणि नुकी तीस मिलिमीटर जाड, एकशेवीस मिलिमीटर उंच ठेवावी. खांबाच्या जाडीच्या पाचव्या भागाहून फार मोठे भोक पाडू नये. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण या दोन दिशांच्या नुकी एकाच पातळीवर आणल्यास त्या खांबाच्या पोटात एकमेकींना छेदतात आणि खांब तेथेच दुबळा होतो. म्हणून एक जोडी दुसरीपेक्षा हातभर खाली घ्यावी.

वरच्या नुकी छपराजवळ येतात, पण खांबांना खालीही बांधणे आवश्यक असते, आणि खालची पट्टी येण्याजाण्याच्या वाटेत येते. यावर सोपा उपाय आहे. तीन बाजूंना बाक करायचेच आहेत, तर बाकाखालची पट्टी हीच खालची नुकी समजून तिला खांबातून आरपार न्यावे. चौथी बाजू प्रवेशासाठी मोकळी राहते.

वेलमांडव

विषयाला धरूनच एक वेगळा पर्याय सुचवते. जपानी बागांत छपराच्या मंडपाइतकाच वेलीचा मांडवही प्रसिद्ध आहे. विस्टेरिया या वेलीसाठी लाकडी किंवा बांबूचा आडवा सांगाडा करतात, त्याला फुजिदाना म्हणतात, आणि वसंतात त्यातून जांभळे घोस खाली लोंबतात. विस्टेरियाला हिवाळ्याची थंडी लागते, त्यामुळे गोव्यात तिच्या फुलांची आशा धरू नये. परंतु पेट्रिया ही निळ्या-जांभळ्या घोसांची वेल आपल्याकडे उत्तम वाढते आणि लांबून तिचा भास पुष्कळसा तसाच होतो. थनबर्जियाचे लोंबते सरही सुरेख दिसतात. पोफळबाग यांनी याचा विचार केला आहे का?

रंधापटाशी

वेलमांडव, पेट्रियाची सूचना सुंदर आहे, पण या मंडपावर ती चढवू नये असे मला वाटते. वेलीखालचे लाकूड पावसाळाभर सुकतच नाही, आणि उघड्या सांगाड्यात प्रत्येक सांध्याच्या तोंडी थेट पाणी पडते. वेलीचा मांडव करायचाच असेल तर तो मंडपापासून अलग, पायवाटेवर, बांबूचा किंवा पोफळीच्या चिपांचा करावा आणि काही वर्षांनी तो बदलावा लागेल हे मनाशी धरून चालावे. दोन्हींची कामे वेगळी आहेत; एकाच सांगाड्यावर दोन्ही लादल्यास चांगले सागवान फुकट जाईल.

कौलारू

मी जुन्या घरांच्या छपरांची दुरुस्ती करतो, म्हणून छपरापुरते लिहितो.

पारदर्शक पत्रा पूर्णपणे बाजूला ठेवावा. त्याखाली ऊन तापते, पावसाचा आवाज इतका होतो की दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही, आणि शेवाळ धरल्यावर तो पारदर्शकही राहत नाही. जपानमध्ये अशा मंडपांवर सालींचे, गवताचे, लाकडी फळ्यांचे किंवा कौलांचे छप्पर असते. आपल्याकडे मंगलोरी कौल हाच त्याचा स्वाभाविक जोडीदार आहे. मंगळुरूत बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर या किनारपट्टीवरची घरे त्या कौलाने भरून गेली, आणि ते बसवणारे हात आजही गावोगाव आहेत. एक कौल साधारण सव्वादोन ते अडीच किलोचे असते आणि एका चौरस मीटरला चौदा-पंधरा कौले लागतात.

उतार ३० अंशांच्या खाली नेऊ नये. जपानी सुतार उताराचे माप दहा एकक आडव्या अंतराला किती एकक चढ, असे घेतात. दहाला पाच म्हणजे सुमारे २६.६ अंश, तो त्यांच्याकडे चालतो, पण आपल्या नैऋत्येच्या वाऱ्यात पाणी कौलाच्या जोडातून वर ढकलले जाते. दहाला पावणेसहा धरले की ३० अंश होतात आणि डोळ्यालाही तो उतार शोभतो.

वळचण अडीच फुटांची आखली आहे, ती तीन फूट, म्हणजे ९० सेंटिमीटर करावी. येथे थोडा हिशोब करून पाहावा. वळचणीची कड जमिनीपासून दोन मीटरवर असेल आणि पाऊस ४५ अंशांत तिरका येत असेल, तर बाकाच्या उंचीपर्यंत, म्हणजे जमिनीवर ४५ सेंटिमीटरपर्यंत येताना तो कडेपासून १.५५ मीटर आत सरकतो. त्यातले ९० सेंटिमीटर वळचणीखाली जातात. उरलेले ६५ सेंटिमीटर खांबांच्या आत शिरतातच. म्हणजे नैऋत्येकडे पाठ असलेला बाक भिजणार आणि मधली जागा कोरडी राहणार. वळचण आणखी वाढवली तर तिची कड खाली उतरून डोक्याला लागू लागते, कारण ३० अंशांच्या उतारावर ९० सेंटिमीटर बाहेर जाताना छप्पर ५२ सेंटिमीटर खाली येते. म्हणून खांबावरच्या तुळईची वरची बाजू अडीच मीटरवर ठेवावी, वळचणीची कड दोन मीटरच्या आसपास राहू द्यावी, आणि पावसाळ्यापुरते नैऋत्येच्या बाजूला माडाच्या चुडतांचे विणलेले झाप किंवा बांबूचा पडदा लावावा. जपानी घरांत सुदारे नावाचे बांबूचे पडदे लावतात आणि आपल्याकडे बाल्कावाला (घराच्या दर्शनी ओसरीला) व मातीच्या भिंतींना झाप बांधण्याची रीत होतीच. दोहोंचा उद्देश हवा अडवल्याशिवाय झड अडवावी हाच आहे.

आता छपराच्या आकाराचा प्रश्न. चार बाजूंनी उतरून टोकाला मिळणारे छप्पर सुंदर दिसते, परंतु त्यात सर्वांत कठीण भाग कोपऱ्यातल्या तिरक्या वाशाचा आहे. आपल्या मापांनुसार छपराची आडवी बाजू साडेचार मीटर होते. सरळ वाशाची लांबी २.६० मीटर येते, कोपऱ्यातल्या वाशाची ३.४४ मीटर, आणि त्याचा उतार ३० ऐवजी अवघा २२ अंश. चारही कोपऱ्यांत कौले तिरकी कापावी लागतात, त्यावर कोनाची कौले चुन्यात बसवावी लागतात, आणि गळती सुरू झाली तर ती तेथूनच होते. दोन पाख्यांचे, मध्ये आढे असलेले साधे छप्परही जपानी बागांत सर्रास आढळते. ते कमी लाकडात होते आणि कौले कापावी लागत नाहीत. मेस्त अनुभवी नसेल तर मी दोन पाख्यांचेच छप्पर सुचवीन.

रंधापटाशी

कौलारू यांचे म्हणणे व्यवहार्य आहे, तरी कोपऱ्यातल्या वाशाला घाबरून चार पाख्यांचा विचार सोडू नये असे मला मनापासून वाटते. बागेतल्या मंडपाला पुढची आणि मागची बाजू नसते. तो चारही दिशांनी दिसतो आणि चारही दिशांकडे पाहतो. दोन पाख्यांच्या छपरात दोन बाजू त्रिकोणी आणि उघड्या राहतात, आणि नैऋत्येची झड त्यांतून थेट आत येते. हे केवळ दिसण्यापुरते नाही.

कोपऱ्याच्या मापासाठी जपानी सुतारांचा गुण्या, म्हणजे काटकोनी मोजपट्टी, पाहण्यासारखा आहे. त्याच्या एका बाजूला नेहमीची मापे असतात आणि पाठीमागे तीच मापे दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने गुणून कोरलेली असतात. चौकोनी छपराच्या कोपऱ्यातला वासा कर्णावर जात असल्यामुळे, पुढच्या बाजूने सरळ वाशाचे आडवे माप घ्यायचे आणि मागच्या बाजूने तोच आकडा वाचला की कर्णाचे आडवे माप हाती येते. गणित करावे लागत नाही. आपला मेस्त तो गुण्या न घेताही एक काम करू शकतो: जमिनीवर पूर्ण मापात छपराचा एक चतुर्थांश खडूने आखावा, चढ उभा धरून खरी लांबी सुताने मोजावी आणि त्यावरून एक नमुना वासा हलक्या लाकडात कापून पाहावा. तो बसला की मगच सागवानाला करवत लावावी.

चिरेबंदी

स्थापत्य अभियंता म्हणून दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो, एक दगडाची आणि दुसरी वाऱ्याची.

गोव्यात दगड म्हटले की जांभ्याचा चिरा समोर येतो. भिंतीसाठी तो उत्तम, खांबाखाली मात्र नको. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि पावसाळाभर ओला राहतो. त्यावर टेकलेले खांबाचे बूड खालून ओल ओढत राहील. लाकडाच्या उभ्या तंतूंची तोंडे खालीच असल्यामुळे ही ओल झपाट्याने वर चढते. जोत्याची कड आणि पायऱ्या खुशाल चिऱ्याच्या कराव्यात, पण खांबाखाली काळा दगड किंवा ग्रॅनाइट ठेवावा, त्याचा माथा फरशीपासून किमान १५ सेंटिमीटर वर असावा, आणि खांबाच्या बाहेर उरणारा भाग किंचित उतरता घडवून घ्यावा, म्हणजे पाणी खांबाकडे न वळता बाहेर वाहून जाईल.

वाऱ्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब मिळतो. तो चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे ९३ किलो भरतो. भिंती नसलेल्या मंडपात वारा छपराखाली शिरून त्याला वर उचलतो, आणि प्रतिकूल स्थितीत हा उचलणारा जोर त्या दाबाच्या जवळपास पोहोचू शकतो. साडेचार मीटर चौरस छपराचे आडवे क्षेत्रफळ २०.२५ चौरस मीटर, म्हणजे जोर १,८०० किलोच्या पुढे. छपराचे उतारावरचे क्षेत्रफळ २३.४ चौरस मीटर. कौले, रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) आणि वासे मिळून चौरस मीटरला ६० किलो धरले तरी वजन १,४०० किलोच होते. हे ढोबळ आकडे आहेत, जागेनुसार आणि आजूबाजूच्या झाडांनुसार ते कमी होतील, पण दगडावर नुसता टेकलेला मंडप केवळ वजनावर सोडू नये एवढे त्यांतून स्पष्ट होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा गोव्यात किती झाडे आणि छपरे पडली हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून माझी सूचना अशी: प्रत्येक खांबाच्या जागी ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५० सेंटिमीटर खोल काँक्रीटचा ठोकळा घालावा; त्याचे वजन सव्वाचारशे किलोच्या वर भरते. त्यातून १६ मिलिमीटर जाडीची न गंजणाऱ्या पोलादाची सळई दगडाला पाडलेल्या छिद्रातून वर काढून खांबाच्या बुडात २५ सेंटिमीटर घ्यावी, आणि खांबाच्या बाजूने खाच करून तेथे नट आवळावा. ती खाच त्याच लाकडाच्या गुट्ट्याने बंद करता येते. त्याचबरोबर तुळई खांबाला आणि वासे तुळईला उचलण्याच्या दिशेने बांधलेले हवेत, अन्यथा खांब जागेवर राहतील आणि छप्पर जाईल. त्यासाठी खांबाच्या माथ्यावरची कूस (खाचेत बसणारे निमुळते कोरलेले टोक) तुळईच्या खाचेतून घेऊन आडवी खुंटी मारावी.

रंधापटाशी

सळईला माझा विरोध नाही. खांबाला खालून पाडलेल्या छिद्रात ओल साठू नये म्हणून ते सळईपेक्षा दोन मिलिमीटर मोठे ठेवावे आणि आत मेण ओतावे, एवढीच भर घालतो. खांब दगडावर टेकलेला राहतो, वारा खेळता राहतो, आणि नट सोडला की बूड दुरुस्तही करता येते. म्हणजे मूळ तत्त्वाला कोठेही बाध येत नाही.

दर्यादेग

माझे घर किनाऱ्याला लागून असल्याने गंजाचा अनुभव मोठा आहे. जपानी सुतार खिळा वापरतच नाहीत असा समज पसरलेला आहे, तो बरोबर नाही. मुख्य सांगाड्याचे सांधे ते लाकडानेच बांधतात, पण वासे, रिपा आणि फळ्या यांसाठी हाताने घडवलेले चौकोनी लोखंडी खिळे शतकानुशतके वापरले गेले आहेत. आपणही रिपांना स्क्रू मारण्यास संकोच करू नये. मात्र साधे लोखंड नको. लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की काळे डाग पडतात आणि खिळ्याभोवतीचे लाकूडही खराब होते. फोंड्याकडे ३०४ प्रतीचे न गंजणारे पोलाद पुरेल. समुद्रकाठी ३१६ च घ्यावे.

तेलाविषयीही सांगते. जपानमध्ये कच्च्या तुरट पर्सिमन फळांचा रस आंबवून लाकडाला लावतात. आपल्याकडे काजूच्या टरफलांचे तेल होड्यांना आणि वाशांना लावण्याची जुनी पद्धत आहे आणि वाळवी त्याला खरोखरच टाळते. ते कातडीला भाजते, त्यामुळे हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षण असल्याशिवाय हात लावू नये. ते काळपट आणि बराच काळ चिकट राहते, म्हणून बाकांना मुळीच नको. वाशांची वरची बाजू, रिपा आणि खांबाचे बूड अशा न दिसणाऱ्या व स्पर्श न होणाऱ्या जागी लावावे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे मिश्रण किडीवर चांगले चालते, परंतु पावसाने ते धुऊन जाते. छपराखालच्या कोरड्या भागापुरतेच त्यावर विसंबावे.

पोफळबाग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ठेकेदारांच्या सूचना का पटल्या नव्हत्या हे आता स्पष्ट झाले. चार पाख्यांचे छप्पर, ९० सेंटिमीटर वळचण आणि दगडावर खांब हे निश्चित करतो. नैऋत्येची बाजू झापासाठी ठेवून त्या बाजूचा बाक अरुंद करीन, कारण खालची नुकी तेथे हवीच आहे.

आता लाकडाचे विचारतो. सागवानाबरोबरच मत्ती, किंदळ आणि फणस यांची नावे येथील मेस्त सांगतात. आमच्या आवारात एक जुना फणस आहे, तो कलंडू लागला आहे. त्याचे लाकूड वापरता येईल का? आणि जपानी सांधे आपल्या लाकडात जसेच्या तसे करावेत का?

रंधापटाशी

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि त्यावर सहसा कोणी बोलत नाही. जपानी सांधे हिनोकी आणि सुगी या हलक्या, मऊ लाकडांसाठी घडत गेले. हिनोकीची घनता घनमीटरला साधारण ४५० किलोच्या आत असते, सागवानाची ६५० च्या आसपास, आणि मत्ती त्याहूनही जड. मऊ लाकडाची कूस बसवण्यापूर्वी तेथील सुतार ती हातोडीने हलकेच ठोकून दाबतात. खाचेत गेल्यावर ओल घेऊन ती पुन्हा फुगते आणि सांधा घट्ट होतो. सागवान किंवा मत्ती असे दाबले जात नाही. तेवढ्याच घट्ट मापात कूस कापून ठोकली तर खांब खाचेच्या टोकाशी फुटतो. म्हणून आपल्या लाकडात कूस हाताने दाबून आत जाईल इतकी सैल ठेवावी आणि घट्टपणाचे काम पाचरीकडे द्यावे. दोन तुळया टोकाला टोक लावून जोडण्याचे, हंसाच्या मानेच्या आकाराचे नाजूक जोड टाळावेत. एवढ्या लहान मंडपात तुळईला सांधा देण्याची गरजच नाही. साडेतीन मीटरची अखंड तुळई मिळते.

लाकडाची निवड मी अशी करीन: खांब सागवानाचे, पण मधल्या पक्क्या गाभ्याचे. कोवळ्या लागवडीच्या सागवानात बाहेरचे पांढुरके लाकूड फार असते आणि ते वाळवीला व बुरशीला मुळीच तोंड देत नाही. सागवान म्हणून घेतलेला खांब पाच पावसाळ्यांत गेला तर दोष बहुधा त्या पांढऱ्या भागाचा असतो. पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया मिळाल्या तर त्या आधी पाहाव्यात, कारण ते लाकूड पुरते मुरलेले असते. आत राहिलेले खिळे मात्र चुंबकाने शोधून काढावेत. वासे किंदळाचे चालतील. मत्ती बळकट आहे पण सुकताना तडकते, म्हणून तिच्या पाचरी आणि खुंट्या कराव्यात. जपानमध्येही त्यासाठी ओकच्या जातीचे कठीण लाकूड घेतात.

फणसाचे लाकूड फार गुणी. पखवाज आणि मृदंगाची खोडे त्याची करतात, देवळांतल्या मूर्ती त्यात कोरतात, वाळवी त्याला फारशी लागत नाही, आणि त्याचा पिवळा रंग काही वर्षांत मधासारखा गडद होतो. ते बाकांसाठी आणि नुकींसाठी राखून ठेवावे, कारण हात आणि डोळे तेथेच जातात. झाड आपल्या आवारातले असले तरी गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा, १९८४ नुसार तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. झाड धोकादायक झाले असल्यास अर्जात तसे लिहावे. चिरल्यानंतर फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात. दर इंच जाडीला एक वर्ष असा सुकण्याचा जुना अंदाज आहे. त्यामुळे हे लाकूड यंदाच्या कामात येणार नाही, आणि घाई करू नये. बाक नंतर बसवता येतात. तोपर्यंत खालच्या नुकी सागवानाच्या घालाव्यात.

खांब एकाच खोडाचा, अगदी मधोमधच्या भेंडासह घेतला असेल तर तो कोठे ना कोठे तडकणारच. जपानी सुतार ती तडक आपल्याला हवी तेथे आणतात: खांबाच्या न दिसणाऱ्या बाजूला वरपासून खालपर्यंत, भेंडापर्यंत एक काप देऊन ठेवतात, म्हणजे आकसण्याचा ताण तेथे मोकळा होतो आणि उरलेल्या तीन बाजू अखंड राहतात. भिंतीत तो काप लपतो. आपला मंडप चहूबाजूंनी उघडा असल्याने शक्यतो भेंड टाळून चिरलेले खांब घ्यावेत.

मेस्तांविषयी आपल्याला शंका घेण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या घरांचे दरवाजे, देवळांचे सभामंडप आणि देव्हारे ज्यांनी केले त्यांना खाच आणि कूस शिकवावी लागत नाही. त्यांना नवे वाटेल ते एवढेच, की येथे सिमेंट आणि लोखंडी पट्टी नंतर येऊन चूक झाकणार नाही. म्हणून आधी एक खांब, एक नुकी आणि एक पाचर यांचा पूर्ण मापाचा नमुना टाकाऊ लाकडात करून घ्यावा, त्याची मजुरी वेगळी द्यावी, आणि मगच संपूर्ण कामाचा दर ठरवावा.

चिरेबंदी

परवानगीचे थोडक्यात. मंडप उघडा असला तरी पक्का पाया आणि छप्पर असल्यामुळे पंचायतीत आधी विचारून घ्यावे, आणि जागा नदी, खाडी किंवा किनाऱ्याजवळ असेल तर किनारी क्षेत्राचे नियमही पाहावेत.

पोफळबाग

फणसासाठी अर्ज करतो आणि नमुन्याचे काम गणेशचवथीनंतर सुरू करून घेतो. पाया आणि दगड दिवाळीनंतर, छप्पर मार्चअखेर, असा क्रम योग्य ठरेल का? शेवटची एक शंका: छपराला पन्हळ लावावी की पागोळ्या तशाच पडू द्याव्यात? जपानी मंडपांना लोंबत्या साखळ्या असतात, त्यांवरून पाणी उतरते. त्या आम्हांला फार आवडल्या आहेत.

कौलारू

क्रम योग्य आहे. सांधे कोरड्या हवेत बसवणार असल्याने पाचरी मार्चमध्ये शेवटच्या टोकापर्यंत ठोकू नयेत. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने नुकी फुगते आणि जागा नसेल तर खांबाला भेग पाडते. पहिला पावसाळा जाऊ द्यावा, पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत लाकूड आकसले की पाचरी पुन्हा पाहून बेताने ठोकाव्यात, आणि त्यानंतर दरवर्षी त्याच सुमारास एकदा तपासाव्यात. पाचरीची टोके म्हणूनच कापून सपाट करू नयेत, थोडी बाहेर ठेवावीत.

साखळीसाठी आधी चारही कडांना पन्हळ लावावी लागते, आणि कुळागरात पोफळीची सोपे (पानांच्या बुडाची रुंद आवरणे) व पाने पडून ती आठवड्यात तुंबते. तुंबलेली पन्हळ वाशांची टोके कुजवते, म्हणून मी ती लावणार नाही. पागोळ्या चारही बाजूंनी मोकळ्या पडू द्याव्यात. त्या जेथे पडतात, म्हणजे खांबांपासून सुमारे ९० सेंटिमीटर बाहेर, तेथे फूटभर रुंद आणि तेवढाच खोल चर खणून त्यात नदीचे गोटे भरावेत; जपानी बागांतही वळचणीखाली असा गोट्यांचा पट्टा असतो. त्यामुळे चिखल उडून खांबांवर आणि दगडांवर येत नाही. चराला उतार देऊन ते पाणी कुळागराच्या पाटाला जोडावे. साखळी हवीच असेल तर प्रवेशाच्या बाजूला, पायरीवर पागोळ्या पडू नयेत म्हणून, तेवढ्याच लांबीची तांब्याची पन्हळ आणि तिच्या एका टोकाला साखळी लावता येईल. ती हाताने साफ करता येते.

पायाचे काम सुरू होण्यापूर्वी आणखी एक पाहावे. वरच्या अंगाच्या जागेवर पावसाळ्यात पाणी कोठून वाहते ते यंदाच, चालू पावसातच, खुंट्या रोवून आखून ठेवावे. दिवाळीनंतर जमीन सुकली की ती वाट दिसत नाही.